पत्र्याखालच्या फटी

सोयाबीनची पानं पिवळी पडून गळायला लागली की मी शिडी बाहेर काढतो. गणपती उठलेले असतात, पितरांचा पंधरवडा चालू असतो. आभाळ सकाळी कोरडं असतं आणि दुपार कलली की जांभळं-काळं होतं. हवा हलत नाही. कापणीच्या आधीचे हे दिवस इतरांना कसे वाटतात ठाऊक नाही. आमच्या शिरूर अनंतपाळच्या भागात माणसं या दिवसांत जरा हळू बोलतात. बोलता बोलता मध्येच थांबतात आणि जमिनीकडे बघतात.

शिडी लावून मी पत्र्याच्या कडेनं हात फिरवत जातो. घर अठ्ठावीस फूट लांब आहे. पत्र्याला दर तीन इंचाला एक लाट. भिंत सरळ आणि पत्रा लाटांचा, त्यामुळे दोघं जिथं भेटतात तिथं प्रत्येक लाटेखाली एक अर्धगोल फट राहते. दोन्ही बाजूंच्या मिळून दोनशे चोवीस. सगळ्या मी जाळी आणि सिमेंटनं बंद केलेल्या आहेत, तरी दर वर्षी एकेक दाबून बघतो. उन्हानं सिमेंट सुटतं, पाण्यानं जाळी गंजते. ज्या फटीत माझा अंगठा जातो तिच्यात खार जाते, हा माझा हिशेब आहे आणि तो अजून चुकलेला नाही.

खारीला आमच्याकडे चानी म्हणतात. नाव लाडाचं आहे. अंगणात दाणे वेचताना ती दिसायलाही लाडाचीच. पण एकदा का ती पत्र्याखाली शिरली, की घराला दुसराच जीव येतो. आपण जेवत असतो आणि डोक्यावर कुणीतरी काहीतरी ओढत नेत असतं.

डोक्यावर पत्रा असणं हीसुद्धा आमच्या भागाची एक गोष्टच आहे. आमचं मूळ गाव औसा तालुक्यात. तिथली घरं दगडाच्या भिंतींची, वर लाकडं आणि लाकडांवर हातभर मातीचं माळवद. उन्हाळ्यात गार, हिवाळ्यात ऊबदार. त्र्याण्णवच्या भूकंपात ती माती खाली आली. त्यानंतर जे जगले त्यांनी ठरवलं, घर कसलंही असो, डोक्यावर माती नको. मग पत्रे आले. उन्हाळ्यात भाजतात, पावसात बोललेलं ऐकू येत नाही, पण पडले तरी उचलता येतात. आता सिमेंटचे स्लॅब झाले आहेत, पोरं वर पाण्याच्या टाक्या बसवतात. माझ्या आईनं मात्र स्लॅब घालू दिला नाही. "पत्राच बरा," ती म्हणते. एवढंच म्हणते.

आईला आम्ही माय म्हणतो. तिच्या घरात काही रीती आहेत, ज्या दुसऱ्या जिल्ह्यातल्या माणसाला सांगाव्या लागतात. रात्री दाराला आतून कडी लावायची नाही, नुसती दोरी अडकवायची. झोपताना डोकं दाराकडे. आणि स्वयंपाकघराच्या फळीवर एक स्टीलचा ग्लास पालथा, त्यावर दुसरा पालथा, त्यावर तिसरा. त्यांना कुणी हात लावायचा नाही. जमीन हलली की वरचा ग्लास आधी पडतो. तो पडला की विचारायचं नाही, काय झालं म्हणायचं नाही, सरळ अंगणात यायचं. आमच्या गल्लीत अशी फळी अजून बऱ्याच घरांत आहे. नवीन सुना सुरुवातीला हसतात. मग एखाद्या दुपारी जमिनीतून गुरगुर ऐकू येते, भांडी किणकिणतात, आणि त्या हसायच्या थांबतात.

तीन वर्षांपूर्वीचा तो हंगाम याच ग्लासापासून सुरू झाला. तेव्हा फटी उघड्याच होत्या. कधीपासून कोण जाणे, एक चानी मागच्या बाजूनं आत-बाहेर करत होती. कधी काथ्या, कधी उशीतला कापूस, एकदा तर माझ्या बनियनची पट्टी तोंडात धरून निघालेली. सुनंदा, म्हणजे माझी बायको, तिला 'पाहुणीबाई' म्हणायची.

मग एका सकाळी ग्लास पडला. सुनंदा कणकेच्या हातांनी बाहेर आली, माय बाजेवरून उठून आली, मी अर्धी दाढी साबणात ठेवून आलो. आमचं बघून शेजारचे शिवलिंगअप्पा आले, त्यांचं बघून समोरचे. सगळी गल्ली रस्त्यावर. सगळे जमिनीकडे बघतायत आणि जमीन गप्प. तेवढ्यात आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून चानी बाहेर आली, तोंडात भाकरीचा तुकडा.

"हाव, हाच का तुमचा भूकंप?" अप्पा म्हणाले. "शेपटीवाला हाय की."

"हसा," सुनंदा म्हणाली. "लुंगी सावरा आधी, मग हसा."

सगळे हसले. मायसुद्धा हसली. पण ती आत गेली आणि तिनं ते ग्लास पुन्हा एकावर एक ठेवले, तेव्हा वरचा ग्लास दोनदा निसटला.

ते तसंच चालू राहिलं. कधी चानी फळीवरून जायची, कधी नुसती पत्र्यावरून धावायची आणि पत्र्याचा थडथडाट ऐकून आम्ही उठायचो. गल्लीतले आधी यायचे, मग दारापर्यंत येऊन परत जायचे, मग यायचेच बंद झाले. अप्पा घरातूनच ओरडायचे, "पाहुणीच का?" मला त्या हसण्यापेक्षा हे जास्त लागलं. मी वजनकाट्यावर नोकरी करणारा माणूस. काटा एकदा खोटं दाखवू लागला की लोक त्याच्याकडे बघायचं सोडतात, आणि मग तो खरं दाखवतो तेव्हाही कुणी बघत नाही. आमच्या घरातला एकच काटा होता, आणि तो चानीनं बिघडवला होता. एका दुपारी ग्लास पडला आणि सुनंदा भाजी चिरत बसून राहिली. मी तिच्याकडे पाहिलं. तिनंही माझ्याकडे पाहिलं. दोघंही उठलो नाही. तेव्हा मला भीती वाटली.

मी खय्यूम मिस्त्रींना बोलावलं. आमचे पत्रे त्यांनीच बसवलेले. ते शिडीवर चढले, मागच्या कोपऱ्यात हात घालायला गेले आणि हात तसाच मागे घेतला.

"बापूभाऊ, वर या जरा. हात नका लावू कशाला."

मी चढलो. कोपऱ्यात कापूस, काथ्या, सुतळी यांचा एक गोळा होता आणि त्यात तीन पिल्लं. डोळे मिटलेले, अंगावर केस नाहीत, माणसाच्या करंगळीएवढी. त्यांच्याच पाठीमागून विजेच्या खांबावरची वायर मीटरकडे येते. ती कुरतडलेली होती. आतली तार उघडी पडून चकाकत होती, आणि पत्र्याच्या लोखंडी अँगलपासून दोन बोटांवर होती.

"हे टेकलं ना," खय्यूम मिस्त्री म्हणाले, "तर समदं घर करंटात. पत्रा, खांब, कपड्याची तार, समदं. घरटं काढून टाकू, फट बुजवू, वायरमनला सांगू. एका दिवसाचं काम हाय."

खालून मायनं विचारलं, "काय हाय रे वर?"

मी सांगितलं नसतं तर बरं झालं असतं असं पुष्कळदा वाटतं, पण विचारल्यावर न सांगण्याची मला सवय नाही. "पिल्लं आहेत," मी म्हणालो.

"मग उतर खाली."

"माय, वायर उघडी आहे."

"उतर म्हणते ना. लेकरावाळी हाय ती. लेकरं हायेत तवर छपराला हात लावायचा न्हाई."

खय्यूम मिस्त्रींनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे. मायच्या आवाजात वाद घालण्यासारखं काही नव्हतं. ते उतरले, हत्यारं पिशवीत भरली आणि जाताना मला हळूच म्हणाले, "अम्मा का दिल है, ठीक है. पण पाऊस यायच्या आत बघा, भाऊ."

माय असं का म्हणाली ते मला ठाऊक होतं. भूकंप झाला तेव्हा घर मूळ गावी होतं आणि मी नांदेडला शिकायला होतो. वडील शेतात राखणीला होते. घरात माय आणि माझी धाकटी बहीण शकू, दोघीच. माय सांगते, त्या रात्री अंगणातल्या लिंबावर चान्या ओरडायला लागल्या. एक नाही, खूप. म्हणून ती उठली आणि काय झालं ते बघायला बाहेर आली. शकू झोपेत होती, म्हणून तिला उठवलं नाही. माय लिंबाखाली उभी राहून वर बघत होती, तेव्हा मागं घर खाली बसलं.

या गोष्टीवर ती जगली आहे. चान्यांनी हाक मारली, मी गेले. मुक्या जिवाला आधी कळतं. ती हे रडून सांगत नाही, शेजारणीला एखादी पाककृती सांगावी तसं सांगते. मी तिच्याशी या बाबतीत कधी बोललो नाही. चान्या रात्री झोपतात. अंधार पडला की त्या घरट्यात जातात आणि उजाडेपर्यंत आवाज करत नाहीत. मी हे अनेकांना विचारलं आहे, स्वतः पाहिलं आहे. मग तिला काय ऐकू आलं, ती बाहेर कशासाठी आली होती, हे मला माहीत नाही. जमिनीतला आवाज असेल. किंवा आवाजच नसेल, माणूस रात्री उठतो तसं उठणं असेल. पण ज्या फटीतून तिचा सगळा जन्म आत-बाहेर करतो, ती फट मी कोणत्या तोंडानं बुजवणार होतो?

तर आम्ही थांबलो. घराच्या छपरात उघडी तार, तिच्याशेजारी तीन पिल्लं, खाली आम्ही तिघं. वायरमन येऊन बघून गेला. "घरटं काढा, मग नवी ओढतो," म्हणाला. खांबावरून येणारी वायर ती, घरातलं बटण बंद करून तिच्यातला करंट जात नाही. मी सायकलची जुनी ट्यूब कापून तार आणि अँगल यांच्या मध्ये सरकवली. जिथवर हात गेला तिथवर टेप गुंडाळली. घरट्यामागचा वीतभर भाग तसाच राहिला. रोज सकाळी उठलो की पहिलं काम, पत्र्याला टेस्टर लावून बघायचं. दिवा लागला नाही की मग घर जागं व्हायचं. कपड्याची तार सोडून मी नायलॉनची दोरी बांधली. सगळ्यांनी घरात रबरी चपला घालायच्या असं ठरवलं.

"देवापाशी चपला?" माय म्हणाली.

"आत्याबाई, देव रागवंल, पण मारणार न्हाई," सुनंदा म्हणाली. "ते छपरावरचं मारंल."

"तुझ्या जिभेला हाड न्हाई."

"तुमच्या पायाला चप्पल न्हाई. घाला आधी."

मायनं घातल्या. देवघरापुढे आली की ती एका पायाची काढायची, दुसऱ्याची ठेवायची, आणि हात जोडायची.

परतीचा पाऊस तोंडावर आला होता. रोज दुपारी देगलूरच्या अंगाला आभाळ भरून यायचं, विजा व्हायच्या, वारा सुटायचा आणि पत्रा आपल्या जागी दबक्या आवाजात हलायचा. तो हलला की मी कोपऱ्याकडे बघायचो. ट्यूब सरकली असेल का? चानीनं कुरतडली असेल का? ट्यूब रबराची, तिला काय, दातांना चाळाच. त्या दिवसांत मी कामावर असताना फोन वाजला की उचलण्याआधी नंबर घरचा आहे का ते बघायचो. आणि वर पिल्लं मोठी होत होती. त्यांचे डोळे उघडले. अंगावर पट्टे आले. सुनंदा रोज विचारायची, "निघाली का?" निघाली नव्हती.

अशाच एका दुपारी, सुट्टीचा दिवस होता, आभाळ भरलेलं आणि पानसुद्धा हलत नव्हतं, तेव्हा जमीन बोलली. आधी लांबून ट्रक यावा तसा आवाज. मग तो आवाज लांबून येणारा नाही, पायाखालचा आहे, हे कळतं तेवढा एक क्षण. ग्लास पडला. मी ओरडलो. सुनंदा मायला हाताला धरून बाहेर आली. पत्रा असा वाजत होता की वाटावं वर कुणी मुठीनं खिळे फेकतंय. मी वर कोपऱ्याकडे बघत होतो, तार टेकते की काय म्हणून, आणि ओट्याच्या लोखंडी खांबापासून दोघींना मागे ओढत होतो.

चानी त्या वेळी बाहेर होती. इथल्या अंगणातही एक लिंब आहे, त्याच्या फांदीवर, शेपटी उभी, अंग ताठ. मी तिला पाहिलं, मायनंही पाहिलं. आता ही पळणार, रस्त्यापलीकडच्या चिंचेवर जाणार, असं मला वाटलं. तिनं फांदीवरून उडी मारली ती थेट वायरवर, वायरवरून हलत्या पत्र्याच्या कडेला, आणि फटीतून आत. पत्रा वाजतच होता. ती बाहेर आली नाही.

मग थांबलं. लांब कुत्री भुंकत होती. अप्पा रस्त्यावरून ओरडले, "ह्यो खरा व्हता रे!" आणि यावेळी कुणी हसलं नाही. गल्लीत कुणाचं काही पडलं नव्हतं. सुनंदा मला विचारत होती, तार बघा, तार बघा. मी मायकडे बघत होतो. ती लिंबाखाली उभी होती आणि त्या फटीकडे बघत होती.

"आत गेली," ती म्हणाली.

मी तिच्याजवळ गेलो.

"आत गेली रे, बापू. भायेर व्हती की ती."

त्यानंतर मायनं भूकंपाच्या रात्रीची गोष्ट कुणाला सांगितली नाही. कुणी शेजारीण काढू लागली तर उठून आत जायची.

दिवाळीच्या आसपास पिल्लं पत्र्यावर फिरू लागली आणि एके दिवशी सगळीच लिंबावरून पलीकडे गेली. मी घरटं रिकामं असल्याची खात्री करून घेतली, पुन्हा करून घेतली. वायरमननं नवी वायर ओढली, नळीतून. खय्यूम मिस्त्रींनी आणि मी मिळून जाळी ठोकली, वर सिमेंट भरलं. शेवटची फट बुजली तेव्हा मायला म्हणालो, बघ, आता कुणी येत नाही. ती म्हणाली, "बरं झालं." काम चांगलं झालं होतं. टेस्टरची गरज उरली नाही, ग्लास विनाकारण पडेनासा झाला, गल्ली पुन्हा त्याच्यावर विश्वास ठेवू लागली. घर शांत झालं, आणि त्या शांततेत मला एक गोष्ट कळायला वेळ लागला.

पुढच्या वेळी जमीन गुरगुरली तेव्हा माय बाहेर आली नाही. आम्हाला वाटलं, ऐकू आलं नसेल. त्याच्या पुढच्या वेळीही नाही. सुनंदा आत जाऊन रागावली, मी समजावलं. माय म्हणाली, "गुडघे दुखतेत." ज्या बाईनं तीस वर्षं दाराला कडी लावू दिली नाही, सगळ्या घराला दाराकडे डोकं करून झोपवलं, ती आता बाज भिंतीला लावून घेते आणि डोकं आतल्या कोपऱ्याकडे करते. मी बाज ओढून दाराजवळ आणतो. कामावरून येईतो ती परत भिंतीला असते. एवढी जड बाज ती कशी सरकवते, मला समजत नाही.

आपण एखाद्या धोक्याला घरात येण्याच्या वाटा मोजतो, एकेक करून बुजवतो, आणि समजतो की धोका बाहेर राहिला. तो कुठून आत आला होता हे त्या मोजणीत धरलेलंच नसतं. माझ्या हिशेबात दोनशे चोवीस फटी होत्या. त्यातल्या सगळ्या बंद आहेत.

यंदा पितरपाटात भरदुपारी पुन्हा तो आवाज आला. मी ओट्यावर होतो, म्हणजे बाहेरच. सुनंदा धावत अंगणात आली आणि तिनं मागे वळून पाहिलं. मागं कुणी नव्हतं. मी चप्पल न घालता आत गेलो. माय बाजेवर बसली होती, दोन्ही हात मांडीवर, जणू कुणी बोलावण्याची वाट बघत.

"तू कामून आलास? भायेर जा."

"तू चल."

"मला न्हाई यायचं. जा म्हणते ना."

मी तिच्याशेजारी बाजेवर बसलो. ठरवून नाही बसलो. काय करावं ते सुचलं नाही. पत्रा वाजत होता, भिंतीवरचा आरसा खिळ्यावर डावी-उजवीकडे जात होता. तिनं माझ्याकडे पाहिलं. आधी रागानं, मग घाबरून. तिला इतकं घाबरलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. ती उठली, माझं मनगट धरलं आणि मला दाराकडे ओढू लागली. गुडघे दुखत नव्हते. "ऊठ, ऊठ रे, माझ्या बापा, ऊठ." पन्नाशीला आलेल्या मला तिनं उंबऱ्यावरून ओढत अंगणात आणलं, आणि जमीन थांबल्यावरही मनगट सोडलं नाही.

"आत्याबाई, आलात व्हय!" सुनंदा म्हणाली.

"हे येडं आत येऊन बसलं," माय म्हणाली. "काय करू मग?"

तेव्हापासून हीच रीत झाली आहे. जमीन बोलली की मी आत जातो, कारण ती स्वतःसाठी उठत नाही, माझ्यासाठी उठते. आतापर्यंत हे जमलं आहे, कारण आतापर्यंतचे हादरे लहान होते. आत जायचं, बसायचं, तिला राग येऊ द्यायचा, मग भीती वाटू द्यायची, मग बाहेर यायचं, एवढी सवड लहान हादरा देतो. मोठा देत नाही. ते आमच्या गावानं पाहिलेलं आहे.

परवा सुनंदानं विचारलं, "मोठा आला तर?" मी म्हणालो, वर पत्राच आहे. "आणि भिंती?" ती म्हणाली. भिंती नऊ इंची आहेत, विटांच्या. तिनं पुन्हा विचारलं नाही. पण मी बघतो आहे, की हल्ली आवाज आला तर ती अंगणापर्यंत पळत नाही. आत आम्ही दोघं असतो, म्हणून उंबऱ्यातच उभी राहते. उंबरा भिंतीतच असतो.